वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची, शाळेत शिक्षिका आहे. कुणाबद्दलच शारीरिक ओढ कधी वाटली नाही. मोबाईलवर वाचून वाटतं, मी अलैंगिक असावी. आई म्हणते थायरॉईड असेल. मावशी म्हणते, लग्न झालं की होतं सगळं सुरळीत. काय करू? – एक वाचक, जि. परभणी

उत्तर : आईच्या समाधानासाठी थायरॉईड तपासून घ्या, काही बिघडत नाही. असलेली इच्छा अचानक गेली तर डॉक्टरांना दाखवावंच. तुमची मुळात नव्हतीच, ही गोष्ट वेगळी. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013च्या निदानपुस्तिकेतही स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्यांवर इच्छेच्या अभावाचा विकार लावू नये, असं स्पष्ट लिहिलंय. आणि तुम्ही एकट्या नाही: कॅनडातले मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी 2004 साली ब्रिटनमधल्या 18 हजारांवर लोकांची माहिती तपासली, त्यात साधारण एक टक्का असे निघाले.

मावशींचं मात्र ऐकू नका. आपल्याकडे पोरगं दारू पितं, उरकून टाका लग्न. डोक्यात फरक पडला, उरकून टाका लग्न! भोगतं कोण, तर दुसऱ्या घरची लेक. किंवा दुसऱ्या घरचा लेक.

अलैंगिक असणं म्हणजे ब्रह्मचर्यही नव्हे. ते माणूस ठरवून पाळतं, हा कल असतो. अलैंगिक माणसं प्रेमात पडतात, काहींना संसार, मुलंही हवी असतात. तुम्हाला सोबत हवी आहे का, हे पत्रात कुठंच नाही. नको असेल तर घरी तसं सांगा. हवी असेल तर पोह्यांच्या बशीसमोर नको, पण सुपारी फुटण्याआधी मुलाशी एकट्यानं, स्पष्ट बोला. मोडलं स्थळ तर मोडू द्या.