मोरेआला क्रूझ एकच दिवस थांबणार असेल तर जहाजाची 'संपूर्ण बेट दर्शन' टूर घ्यावी का?

नको. खरं तर एवढं उत्तर पुरे, पण हा प्रश्न आमच्या घरात अजून धुमसतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता, जानेवारीत जहाज पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाला सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार, सोबत सत्तरीचे आई-वडील, त्यात वडिलांचा गुडघा दुखरा, आणि बेट बघायला तेवढा वेळ पुरेल का. मी क्रूझ जहाजांवर डेकला नोकरी केली आहे आणि याच बेटावर टेंडर, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यापर्यंत माणसं ने-आण करणारी छोटी बोट, चालवली आहे. तेव्हा आधी ते ८ ते ५ डोक्यातून काढा. तो जहाजाचा वेळ, तुमचा नव्हे. मोठं जहाज लागेल असा धक्का तिथे नाही. जहाज बहुतेक वेळा ओपुनोहूच्या खाडीत नांगर टाकतं (कधी शेजारच्या कुकच्या खाडीत) आणि टेंडरने तुम्हाला पापेतोआई गावच्या छोट्या धक्क्यावर सोडतात. कागदपत्रं झाली, टेंडर पाण्यात उतरल्या, की पहिले जहाजाच्या टूरवाले, मग महागड्या केबिनवाले, आणि शेवटी नंबराचा कागद घेऊन लाउंजमध्ये ताटकळणारे बाकीचे. त्यांत असाल तर जमिनीला पाय लागेपर्यंत साडेनऊ-दहा धरून चाला. परतीची शेवटची टेंडर जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. ती वेळ आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात छापलेली असते. मोबाइलचं घड्याळ काहीही दाखवो, जहाजाचं घड्याळ तेच खरं.

हातात उरतात पाच-सहा तास. तेवढ्यात साठेक किलोमीटरच्या किनारी रस्त्यावरून बसने फेरी मारायची म्हणजे एसटीच्या खिडकीतून कोकण पाहिलं म्हणण्यातला प्रकार.

हे मी आमच्या मोठ्या साडूंना आधीच सांगितलं होतं. माझ्या नावावर मिळणाऱ्या सवलतीत ते सहकुटुंब माझ्याच जहाजावर आले होते, सोबत सासूबाई. माणूस ठाण्यात मोठ्या हुद्द्यावर, त्यामुळे बोटीवर दोर ओढणाऱ्याचं कोण ऐकतो! "तुम्ही लोक बंदर बघता, देश बघत नाही," हे त्यांचं वाक्य. दोन महिने आधीच त्यांनी बेट-फेरीची तिकिटं काढून ठेवली होती, सासूबाईंचंही. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "गाडयेत बसान पाय सुजतत माजे, मी ह्येच्यावांगडा जातंय." ह्येच्यावांगडा म्हणजे माझ्यासोबत, कारण मला मधले काही तास सुट्टी होती. तिकीट वाया गेलं ते गेलं. त्याचे पैसे माझ्यामुळे बुडाले असं साडू आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात.

आता तुमच्या आई-वडिलांच्या कामाचं. टेंडर म्हणजे बहुतेक जहाजांवरची लाइफबोटच. ती जहाजाच्या कडेच्या प्लॅटफॉर्मला लागते तेव्हा जहाज जवळपास स्थिर असतं आणि टेंडर मात्र खालीवर होत असते, कधी चार बोटं, कधी हातभर. खलाशी तुमचा हात धरायला पुढे होईल तेव्हा बोटं देऊ नका. मनगटाच्या वर तुम्ही त्याला धरा, तो तुम्हाला धरेल. ओल्या हातातून बोटं निसटतात, मनगट निसटत नाही. बोट वर आली आणि तो "नाऊ" म्हणाला की टाका पाऊल. विचार करत थांबलात तर ती खाली जाते आणि मग लोक उडी मारतात. गुडघे तिथेच जातात. हातात काही नको, सगळं पाठीवरच्या पिशवीत. साडूंनी एका हातात फोन धरून व्हिडिओ काढत पाऊल टाकलं, दोघांनी धरून त्यांना आत घेतलं. सासूबाईंनी पातळाचा ओचा खोचला, बोट वर येईपर्यंत शांत उभ्या राहिल्या आणि पायरी उतरावी तशा आत आल्या. मालवणच्या जेटीवरून होडीत चढण्यात जन्म गेलेला, त्यांना कोण शिकवणार!

पापेतोआईच्या धक्क्यावर उतरलं की समोरच गावातल्या बायकांचे स्टॉल असतात: शिंपल्यांच्या माळा, पारेओ (अंगाभोवती गुंडाळायचं कापड), फळं. एका बाईंपुढे निरफणसांचा ढीग होता आणि बाजूला विस्तवावर एक अख्खा निरफणस काळा ठिक्कर होईस्तोवर भाजत ठेवलेला. सासूबाई तिथेच थबकल्या. "गे बाय, हो तर निरफणस!" त्या बाईंना मालवणी येत नाही, यांना ना फ्रेंच ना ताहितीयन. तरी पुढचा अर्धा तास दोघींची चर्चा चालली होती. बाईंनी जळकी साल सुरीने सोलून आतला वाफाळता पिवळट गर दाखवला, तुकडा हातावर ठेवला. सासूबाईंनी हवेत सुरी फिरवून चकत्या कशा पाडायच्या, तिखट-मीठ कसं लावायचं, रव्यात कशा घोळवायच्या ते करून दाखवलं. "हेचे काप बरे होतले," असा निकालही दिला. याच झाडाची रोपं न्यायला कॅप्टन ब्लाय १७८८ साली शेजारच्या ताहितीला आला होता, वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालता यावं म्हणून. पुढे त्याच्या बाउंटी जहाजावर बंड झालं. जाता जाता सांगितलं.

मग गावातलं अष्टकोनी चर्च बाहेरून पाहिलं. लंडन मिशनरी सोसायटीच्या लोकांनी १८२०च्या दशकात ते जुन्या माराएच्या, म्हणजे तिथल्या लोकांच्या दगडी पूजास्थानाच्या, जागेवर बांधलं. आज दिसतं ते नंतर पुन्हा उभारलेलं आहे. तिथून एक व्हॅन ठरवली आणि खाडीला वळसा घालून पलीकडच्या ताआहिआमानूच्या सार्वजनिक किनाऱ्यावर गेलो. सासूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, पाण्यातून स्वतःचे पाय बघत. वर रोतुई डोंगराचा उभा कडा, ८९९ मीटर. वाटेत कच्च्या टूनाला लिंबू आणि नारळाचं दूध लावलेलं प्वासाँ क्रू घेतलं होतं. ते मी खाल्लं, त्यांनी नारळाचं दूध चांगलं काढलंय एवढं कबूल करून मासा परत केला. वेळेत जहाजावर आलो आणि मी ड्यूटीला उभा राहिलो.

साडू संध्याकाळी डेकवर भेटले. काय पाहिलं? बस. बेल्वेदेरला, म्हणजे उंचावरून खाड्या दिसतात त्या जागी, फोटोसाठी थोडा वेळ, तोही चार बसमधल्या माणसांच्या डोक्यांवरून. रसाचा कारखाना. पारेओ नेसायचे प्रकार. आणि नारळ सोलण्याचं प्रात्यक्षिक! मालवणच्या परड्यात माड असलेला माणूस डॉलर मोजून जमिनीत रोवलेल्या टोकदार खुंट्यावर नारळ कसा सोलतात ते बघून आला आणि वर टाळ्याही वाजवून आला. मग मला ऐकवलं, "तुम्ही कुकची खाडी बघितलीच नाहीत, कॅप्टन कुकने जिथे नांगर टाकला ती." आता हे एकदा लेखी राहू दे. कुक १७७७ साली मोरेआला आला तेव्हा त्याची जहाजं थांबली ओपुनोहूत, म्हणजे आमचं जहाज उभं होतं त्याच खाडीत. नाव तेवढं शेजारच्या खाडीला पडलंय. चोरीला गेलेल्या एका बकरीपायी त्याने या बेटावर लोकांची घरं आणि होड्या जाळल्या, हेही टूरमध्ये सांगितलं नसावं, कारण साडूंना ठाऊक नव्हतं.

असो. तुमच्यासाठी माझं म्हणणं: एकच ठिकाण निवडा. आई-वडील चालते असतील तर धक्क्यावर व्हॅन ठरवून आधी थेट बेल्वेदेर. हो, ती जागा बघण्यासारखीच आहे, दोन्ही खाड्या आणि मधला रोतुई एका नजरेत येतात, फक्त जहाजाच्या बसच्या गर्दीत नको. वाटेत झाडीत जुने माराए लागतात, तिथे दहा मिनिटं उतरा. मग किनारा. भाडं येण्या-जाण्याचं मिळून आधी ठरवा आणि सगळे पैसे परत आल्यावर द्या. चलन पॅसिफिक फ्रँक, युरोशी बांधलेलं, १००० फ्रँक म्हणजे साधारण ८.४ युरो. काही विक्रेते डॉलर घेतात, पण हिशेब त्यांचा. लोकल बसच्या भरवशावर राहू नका, त्या व्हाइआरे बंदरातून ताहितीला जाणाऱ्या फेरीबोटीच्या वेळा बघून चालतात. रविवार असेल तर बरंच बंद असतं.

जानेवारी म्हणजे तिथला पावसाळा. सर येते, धुऊन काढते, जाते. छत्रीपेक्षा डासांचं मलम महत्त्वाचं, डेंग्यू तिकडेही आहे. देवमासे बघायची आशा धरू नका, ते ऑगस्ट ते ऑक्टोबरचे पाहुणे.

जहाजाच्या टूरचा एकच खरा फायदा आहे, आणि तो मी साडूंसमोर कधी बोललो नाही: टूरची बस अडकली तर जहाज थांबतं, तुमची व्हॅन अडकली तर थांबत नाही. म्हणून शेवटच्या टेंडरच्या तासभर आधी धक्क्यावर या. त्यातूनही चुकलात आणि पुढचं बंदर ताहितीवरचं पापीते असेल, तर व्हाइआरेहून फेरीबोटीने अर्ध्या-पाऊण तासात तिथे पोहोचता येतं. पुढचं बंदर बोरा बोरा असेल तर मात्र विमान, स्वखर्चाने.

आणि वडिलांचा गुडघा खरोखरच दुखत असेल, किंवा त्या दिवशी खाडीत लाट असेल, तर त्यांना टेंडरमध्ये घालू नका. ओपुनोहूचे डोंगर वरच्या डेकवरूनही छान दिसतात. भारतीय पासपोर्ट असेल तर नुसत्या शेंगेन व्हिसावर निर्धास्त राहू नका, फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेनमध्ये येत नाही. तिथला व्हिसा वेगळा विचारून घ्या. हे काम मात्र आमच्या साडूंनी चोख केलं होतं, सगळ्यांचं.