अंगावर पिणारं लेकरू आणि आयोडीनचा डोस

प्रश्न : माझी धाकटी जाऊ २९ वर्षांची आहे. गळा पुढून फुगलाय, हात थरथरतात, छाती धडधडते. बाळंतपणाआधी दीड वर्ष, वाढलेला थायरॉईड आटोक्यात ठेवणाऱ्या कार्बिमॅझोलच्या गोळ्या घेतल्या होत्या. बाळंतपणानंतर पुन्हा तेच झालं, गोळ्या पुन्हा सुरू आहेत. आता छत्रपती संभाजीनगरला किरणोत्सारी आयोडीनचा डोस पुढच्या आठवड्यात ठरलाय. लेकरू १४ महिन्यांचं, अजून अंगावर पितं. सासूबाई म्हणतात, या औषधानं पुढं मूल होत नाही. काय करावं?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, आधी ती तारीख पुढं ढकला. लेकरू अंगावर पितंय, हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. हे आयोडीन दुधात उतरतं आणि लेकराच्या थायरॉईडमध्ये, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीत, जाऊन बसतं. ती ग्रंथी कायमची निकामी होऊ शकते. म्हणून डोसच्या किमान ६ आठवडे आधी पाजणं पूर्ण बंद हवं. चार दिवस आधी तोडून भागत नाही, कारण दूध येतंय तोवर आईचे स्तनही आयोडीन ओढून घेतात. डोसनंतर या लेकराला पुन्हा पाजायचं नाही. लेकरू आता वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी खात असेल. तेव्हा हळूहळू तोडा. तोवर गोळ्या मनानं बंद करू नका.

सासूबाईंची भीती मी समजू शकते, पण तसं होत नाही. डोसआधी दिवस गेलेले नाहीत ना, हे तपासतात. नंतर किमान ६ महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. पुढं रक्तातलं थायरॉईडचं प्रमाण नीट असलं की मूल होतं. उलट थायरॉईड असा चढलेला असताना दिवस राहिले, तर मायलेकरं दोघांनाही धोका असतो. हा उपचार १९४१ पासून चालत आलेला आहे. थायरॉईडला आयोडीन लागतंच, मग ते मिठातलं असो की औषधातलं. डोसमधलं किरणोत्सारी आयोडीन (आयोडीन-१३१) तिथं साठतं आणि त्याचे बीटा किरण जेमतेम दोन मिलिमीटर जाऊन तिथल्याच पेशी मारतात. दर ८ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते.

डोसनंतर काही दिवस जावेच्या अंगातून थोडे किरण बाहेरही पडतात, म्हणून घरी मात्र जपायचं. लेकराला तुम्ही किंवा सासूबाईंनी कुशीत घेऊन झोपा. किती दिवस, ते डोस पाहून डॉक्टर सांगतील, साधारण दोन-तीन आठवडे धरा. त्या दिवसांत गरोदर बाईनंही तिच्याजवळ फार वेळ बसू नये. तिचं ताट-पेला वेगळा ठेवा, तिच्या ताटातला घास लेकराला नको. संडासात दोनदा भरपूर पाणी ओता. उन्हाळ्यात तुमच्याकडं टँकरची वाट पाहावी लागत असेल, तर तारीख पाणी असेल तेव्हाची मागून घ्या.

एवढ्यात सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध दिलं असेल किंवा डोळे बाहेर आल्यासारखे दिसत असतील, तर तेही आधीच सांगा. गुण यायला दीड-दोन महिने, कधी सहा महिनेही लागतात; गळ्याची सूज त्याहून सावकाश उतरते. पुढं बहुतेकींचा थायरॉईड कमी पडतो आणि रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी कायम घ्यावी लागते. ती गोळी स्वस्त आहे, परभणीतच काय, सेलूतही मिळते. रक्ताची पहिली तपासणी डोसनंतर महिना-दीड महिन्यात करा. बरं वाटायला लागलं म्हणून ती टाळू देऊ नका.