सिस्टरबाईंना विचारा : ईस्टरची शपथ आणि पुतण्याची हळद

प्रश्न : सिस्टरबाई, सलाम. माझे मिस्टर साखर कारखान्यात फिटर आहेत. बरीच वर्षं पितात, अलीकडे तर सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागायची. ईस्टरच्या उपासनेत त्यांनी बायबलवर हात ठेवून मंडळीसमोर शपथ घेतली. पुढच्याच आठवड्यात अंगात ताप भरला, हात लटलटा कापत होते, पण निभावलं. मग पाळकसाहेबांनी त्यांना साक्ष द्यायला उभं केलं. सगळे रडले. मे महिन्यात पुतण्याच्या हळदीत पुन्हा प्यायले आणि आता पूर्वीसारखंच सकाळपासून सुरू. चर्चला यायचं नाव काढत नाहीत. म्हणतात, ‘देवाला दिलेला शब्द मोडला, कुठल्या तोंडानं जाऊ?’ आमच्या प्रार्थना गटातल्या भगिनी म्हणतात, विश्वास कमी पडला. गोळ्या-औषधं नकोत, तीन दिवस खोलीत ठेवून उपवास-प्रार्थना करू. एकीनं चहात टाकायला पूड दिली आहे. कुणी ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा गट) मीटिंगचं सुचवलं, पण तिथे येशूचं नाव घेत नाहीत म्हणे. मी काय करू?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : सलाम, ताई. आधी ती पूड मोरीत ओता, मग पुढचं वाचा.

अशा पुड्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कधी कधी डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली की छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, माणूस दगावूही शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण तपासण्या करून आणि रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं. चहातून चोरून नाही.

आता त्या तीन दिवसांच्या खोलीबद्दल. ईस्टरनंतर आला तो नुसता ताप नव्हता. रोज सकाळी लागणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की शरीर उलटतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या दिवशी भ्रम सुरू होतो, आणि तो जिवावर बेततो. मिशन दवाखान्यात मेल मेडिकल वॉर्डाच्या रात्रपाळ्या मी आयुष्यभर केल्या. मोडलेल्या पायासाठी दाखल झालेला धडधाकट माणूस तिसऱ्या रात्री चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागायचा, भिंतीशी बोलायचा. नातेवाईक म्हणायचे, दुष्टात्मा शिरला. आम्ही डॉक्टरांना उठवायचो; शांत करणारं औषध आणि शिरेतून बी-वन जीवनसत्त्व दिलं की एक-दोन दिवसांत तो बायकोला ओळखायचा. एकदा निभावलं म्हणून दुसऱ्यांदा निभावेलच असं नाही, उलट दर खेपेला धोका वाढतो. म्हणून त्यांना आधी जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तिथे नेईपर्यंत दारू अचानक बंद करायला लावू नका. भगिनींना म्हणावं, प्रार्थना जरूर करा, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून करा. आणि उपवास तुम्ही करा, त्यांना जेवू द्या.

साक्षीबद्दल लिहिते त्यावर काही पाळकसाहेब रागावतील. दारू सोडून महिनाही न झालेल्या माणसाला वेदीपुढे उभं करू नये. लोक रडतात, हल्लेलुया म्हणतात, आणि तो घरी जातो तो सगळ्या मंडळीची अब्रू डोक्यावर घेऊन. मग हळदीच्या मांडवात कुणी ग्लास पुढे केला आणि पाय घसरला, की ते सांगायला त्याला जागाच उरत नाही. ज्यांच्यासमोर तो ‘सुटलेला’ म्हणून उभा राहिला, त्यांच्यापुढे ‘पुन्हा घेतली’ कसं म्हणणार? तुमच्या मिस्टरांना चर्च नकोसं झालं ते यामुळे. विश्वास कमी पडला म्हणणाऱ्या भगिनींनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढावा. जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही आणि जे नको तेच करतो, हे प्रेषित पौल लिहितो. पौलाचा विश्वास कमी होता का?

गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची यादी आहे. प्रीतीपासून सुरू होते आणि इंद्रियदमन अगदी शेवटी येतं. फळ बाजारातून आणून झाडाला बांधता येत नाही. शपथेनं आपण तेच करायला बघतो.

तेव्हा मिस्टरांकडून आता नवी शपथ घेऊ नका. आजचा दिवस, एवढंच. पगार तुमच्या खात्यावर येऊ द्या, त्यांच्या राजीखुशीनं. कारखान्यातून येताना गुत्त्याचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्यानं यावं, शक्यतो कुणाबरोबर. वर्षभर हळदी आणि वराती बंद. लग्नाला जायचं ते थेट चर्चमध्ये, आशीर्वाद झाला की घरी. भावकी नावं ठेवील, ठेवू दे. कारखान्यात ‘आजारी आहेत’ म्हणून फोन करणं तुम्ही थांबवा, आणि त्यांची उधारीही फेडू नका. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

ए.ए.ला खुशाल पाठवा. ही चळवळ 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावी सुरू झाली, बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळातून आलेले. डोंगरावरील प्रवचन आणि याकोबाचं पत्र ही त्या पहिल्या मंडळींची रोजची शिदोरी होती. ‘आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा’ हे याकोबाचंच. मीटिंगमध्ये ‘आम्हाला समजलेला ईश्वर’ म्हणतात, कारण शेजारी बसलेला वारकरी असतो, मुसलमान असतो. तुमच्या मिस्टरांनी येशूचं नाव घ्यावं, कुणी अडवत नाही. तिथे एक मोठी सोय आहे : ‘स्लिप झाली’ असं सांगितलं तर कुणी रडत नाही, चहा पुढे करतात. मंडळीत असं सांगता येऊ लागेल त्या दिवशी मी ए.ए.बद्दल लिहिणं थांबवीन. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंग असतात, तिथे तुम्ही जा.

घरी राहून जमलं नाही तर व्यसनमुक्ती केंद्र आहे. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून आहे. फादर जो परेरांनी 1981 साली वांद्र्याला सुरू केलेलं कृपा फाउंडेशन ए.ए.च्या पायऱ्यांना, म्हणजे दारू सोडण्याच्या टप्प्यांना, योगासनांची जोड देतं. जवळचं काय ते 14446 या सरकारी फुकट नंबरावर विचारा.

आणि एक. थोडं बरं वाटू लागलं की मिस्टर पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पत्र काढतील. आपल्याकडचा प्रत्येक पिणारा काढतो : ‘पोटासाठी थोडा द्राक्षारस घे.’ त्यांना सांगा, तो तीमथ्य नुसतं पाणी पीत होता, म्हणून पौलाला लिहावं लागलं.

प्रश्न : मी दारू सोडली आहे. प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतला द्राक्षारसाचा, प्याला घ्यावा का? एका थेंबानं पुन्हा ओढ लागेल अशी भीती वाटते.
– एक तरुण, वसई

उत्तर : भीती रास्त आहे, बाळा. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत न आंबवलेला द्राक्षांचा रस असतो. ती सोय अमेरिकेतल्या वेल्च नावाच्या दंतवैद्यानं 1869 साली रस तापवून बाटलीत टिकवला तेव्हापासूनची, आणि त्यानं तो प्रभुभोजनासाठीच केला होता. तरी प्याल्यात काय आहे ते आधी विचारून घे. तू वसईचा, म्हणजे बहुधा कॅथलिक असशील, तर प्रश्नच नाही : फक्त पवित्र भाकर घेतली तरी ख्रिस्त पूर्णपणे मिळतो, ही चर्चची शिकवणच आहे. फादरांना एकदा कानात सांगून ठेव. हो, आणि नाताळात मावशीकडच्या घरगुती वाइनलाही नाही म्हणायचं, ती कितीही ‘औषधी’ असली तरी.