दूध पचत नसेल तर आतड्यातल्या जिवाणूंना त्याचा फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की दूध प्यायल्यावर पोट फुगतं, पण लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणाऱ्यांच्या आतड्यात ‘चांगले’ बिफिडोबॅक्टेरिया जास्त असतात असं वाचनात आलं, तर मग त्रास सोसूनही दूध चालू ठेवावं का. माझं उत्तर असं: तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण त्यासाठी त्रास सोसत बसायचं कारण नाही. मला स्वतःला दूध पचत नाही आणि मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) असतं, ते ही जोडी तोडतं आणि दोन्ही साखरा रक्तात शोषल्या जातात. जगातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांमध्ये बालपण सरलं की लॅक्टेज कमी होत जातं. म्हणजे हा आजार नव्हे, माणसाची मूळ रीतच ती. ज्यांचं लॅक्टेज मोठेपणीही टिकतं त्यांच्यात लॅक्टेजच्या जनुकाशेजारी एक छोटा बदल असतो. युरोपात आढळणारा असा बदल 2002 साली फिनलंडच्या संशोधकांनी दाखवला, आणि पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांमध्ये वेगळेच बदल असल्याचं 2007 मध्ये समोर आलं.

आता न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं. ते सोबत पाणी ओढून घेतं, म्हणून पातळ होतं. आणि तिथे कोट्यवधी जिवाणू त्यावर तुटून पडतात. पुढे काय होणार हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: ते आधी कोण खातं?

काही जिवाणू साखर आंबवताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. पोट फुगणं आणि गुडगुडणं त्यातूनच. बिफिडोबॅक्टेरियांची पद्धत निराळी आहे. ते लॅक्टोजपासून अॅसिटेट आणि लॅक्टेट बनवतात, पण वायू करत नाहीत. त्यांनी टाकलेलं अॅसिटेट आणि लॅक्टेट दुसऱ्या जातीचे जिवाणू उचलतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार करतात, जे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. म्हणून लॅक्टोजचा मोठा वाटा बिफिडोबॅक्टेरियांकडे गेला, तर तेवढंच दूध पिऊनही त्रास कमी होऊ शकतो. तिसरा गट मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. ते हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक घेऊन मिथेनचा एक रेणू करतात, म्हणजे पाच रेणूंचा वायू एकावर येतो. मला हे रसायन दरवेळी नव्याने थक्क करतं.

श्वासाच्या तपासणीत हे सगळं दिसतं. मी ती करून घेतली आहे. उपाशीपोटी पाण्यात विरघळवलेलं लॅक्टोज प्यायचं आणि मग ठरावीक वेळाने नळीत फुंकत राहायचं. सुरुवातीला श्वासातल्या हायड्रोजनचा आकडा जवळपास जागचा हलत नाही, मग लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचलं की चढायला लागतो. मूळ पातळीपेक्षा दशलक्षात 20 भाग वाढ झाली की लॅक्टोज पचत नाही असं मानतात. आपल्या पेशी हायड्रोजन बनवतच नाहीत, त्यामुळे तो आकडा संपूर्णपणे जिवाणूंचा असतो. मात्र मिथेनवाल्यांचं प्रमाण जास्त असेल तर हायड्रोजन तेच संपवून टाकतात आणि तपासणी फसू शकते, म्हणून मिथेनही मोजलेलं बरं.

तुम्ही वाचलेल्या मुद्द्याबद्दल. जनुकीय रचना आणि आतड्यातले जिवाणू यांचा संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांमध्ये लॅक्टेजच्या जनुकाचा संबंध पुन्हापुन्हा सापडतो: ज्यांचं लॅक्टेज टिकत नाही त्यांच्यात बिफिडोबॅक्टेरिया जास्त. पण फिनलंडमधल्या सुमारे 6,000 लोकांच्या अभ्यासातून (2022) कळीची गोष्ट पुढे आली. हा फरक माणूस दुधाचे पदार्थ खातो की नाही यावर अवलंबून आहे. नुसत्या जनुकाने काही होत नाही, लॅक्टोज तिथवर पोचायला हवं.

सवय होते का? काही अंशी होते. 1996 च्या एका प्रयोगात लॅक्टोज न पचणाऱ्यांना 10 दिवस नियमित लॅक्टोज दिल्यावर त्यांच्या विष्ठेतली लॅक्टोज तोडणारी विकरं वाढली आणि श्वासातला हायड्रोजन घटला. त्यांचं स्वतःचं लॅक्टेज वाढलं नव्हतं, बदल जिवाणूंमध्ये झाला होता. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात मात्र ज्यांना लॅक्टोजऐवजी साधी साखर दिली त्यांनाही बरं वाटलं होतं. म्हणजे जिवाणू बदलतात हे पक्कं, पण आराम पडण्यात मनाचाही वाटा असतो, आणि हे दडवून सल्ला देणं मला पटत नाही.

तुमच्या जागी मी असते तर दूध एकदम बंद केलं नसतं. बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारसा त्रास न होता चालतं. जेवणासोबत घेतलं तर आणखी सोपं, कारण पोट सावकाश रिकामं होतं. अर्ध्या कपापासून सुरू करा, रोज घ्या, हळूहळू वाढवा. मध्येच महिनाभर सोडलंत तर पहिले पाढे पंचावन्न. दही अनेकांना झेपतं, कारण विरजणातले जिवाणू स्वतःचं विकर घेऊन येतात आणि लॅक्टोज वाटेतच तोडतात. लॅक्टोज-फ्री दूध किंवा लॅक्टेजच्या गोळीने आराम मिळेल, पण लॅक्टोज आधीच तुटल्यामुळे बिफिडोबॅक्टेरियांच्या वाट्याला त्यातलं फारसं येणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कांदा, लसूण, कडधान्यं यांतले न पचणारे घटकही त्यांना चालतात, अर्थात वायू त्यांनीही होऊ शकतो.

एक मात्र विचारते: हा त्रास पोटाच्या एखाद्या संसर्गानंतर सुरू झाला का? तसं असेल तर अस्तराला इजा होऊन लॅक्टेज तात्पुरतं कमी झालेलं असू शकतं, आणि अस्तर भरून आलं की ते परत येतं. आणि वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठावं लागत असेल, तर दुधावर खापर न फोडता आधी डॉक्टरांकडे जा.