जळजळ एकाला, मिश्री दुसऱ्याला

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५८ असून त्यांना गेली दहा-बारा वर्षे छातीत जळजळ होते. अमेरिकेतल्या मुलाच्या गोऱ्या शेजाऱ्याची याच तक्रारीसाठी एंडोस्कोपी झाली, म्हणून बाबांचीही करा, असा त्याचा आग्रह आहे. उलट माझ्या थोरल्या जाऊबाईंना पित्ताचा त्रास कधीच नव्हता, मिश्रीची सवय तेवढी होती. तरी त्या अन्ननलिकेच्या कर्करोगानेच गेल्या. मग घाबरायचे कोणी?
— एक वाचक, कराड

उत्तर : या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन आहेत आणि ते सहसा वेगवेगळ्या माणसांना गाठतात. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की काहींच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर आतड्याच्या अस्तरासारखे होते. या अवस्थेला ‘बॅरेट’ म्हणतात आणि तिच्यातून थोड्या जणांना पहिला प्रकार, म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा, होतो. हा प्रामुख्याने पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या गोऱ्या पुरुषांचा आजार असल्यामुळे अमेरिकेतील तपासणीच्या निकषांत वय आणि धूम्रपान यांच्याबरोबर गोरा वर्णही धरला जातो. त्याच देशातील कृष्णवर्णीयांत मात्र दुसरा प्रकार, म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, अधिक आढळत आला आहे. शिवाय त्यांच्यावर शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाणही कमी आहे, ज्याचा दोष अर्थातच वर्णाला देता येणार नाही.

भारतात हा दुसरा प्रकारच जास्त दिसतो. तंबाखू, सुपारी, दारू, निकृष्ट आहार आणि कढत पेये ही त्याची कारणे. इराणच्या गुलिस्तान प्रांतात तो स्त्रियांनाही जवळजवळ पुरुषांइतकाच होतो आणि तिथे त्याचा संबंध कढत चहा व अफूशी आढळला आहे. ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले. (बशीत ओतून चहा पिणाऱ्यांना आपण उगाच हसतो.) जाऊबाईंचा प्रकार रिपोर्ट पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि त्या तंबाखूला पित्ताची गरज लागत नाही.

मुलाचा आग्रह चुकीचा नाही. इतक्या वर्षांच्या जळजळीसाठी यजमानांनी पोटविकारतज्ज्ञांना एकदा दाखवावेच. ते धूम्रपान करत असतील किंवा पोट सुटले असेल, तर एंडोस्कोपीचा विचार लवकर व्हावा. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौच यांपैकी काहीही झाले, तर मात्र जळजळ असो वा नसो, कोणाचीही एंडोस्कोपी लांबवू नये. घास अडकू लागल्याचे रुग्ण सहसा बोलून दाखवत नाही. तो आधी भाकरी दुधात कुस्करू लागतो, मग वरणभातावर येतो, पुढे नुसती पेज मागतो, आणि घरचे दातांना बोल लावत राहतात.