जुन्या ओरिजिनल गेमची की चालत नसेल तर कंपनी काही करते का?

तुम्ही लिहिलंय की गेमची डीव्हीडी ओरिजिनल आहे, की म्हणजे गेम सुरू करायचा कोडही आहे, पण नव्या लॅपटॉपवर ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन अडतंय आणि मित्र म्हणतात क्रॅक टाक, म्हणजे कीची तपासणी टाळणारी फाइल. आधी कंपनीच्या सपोर्टला तिकीट, म्हणजे तक्रार, टाका. मित्रांचं नंतर बघू.

हेच माझ्यासोबत झालंय. कॉलेजात असताना शिकवणीच्या पैशांतून पुण्याच्या एका दुकानातून गेम घेतला होता. सांगलीला घरी बीएसएनएलचं ब्रॉडबँड, रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट, म्हणून पॅच, म्हणजे गेमच्या दुरुस्तीच्या फाइली, उतरवायला दोनचा गजर लावायचे. माझ्या मामेभावाकडे, म्हणजे दादाकडे, तोच गेम टपरीवरच्या डिस्कवर, वर स्केचपेनने नाव लिहिलेलं. त्याला ना की लागायची ना रजिस्ट्रेशन. तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "तू भाडं भरतेस, मालक मी आहे."

मग हार्ड डिस्क गेली. विंडोज नव्याने टाकलं की कंपनीच्या हिशोबात तो नवा कॉम्प्युटर, आणि परवानगी फक्त तीन कॉम्प्युटरची. तेव्हा ही पद्धतच होती; २००८ मध्ये स्पोअर या गेमलाही ईए या कंपनीने आधी तीनचीच मर्यादा घातली होती, लोकांनी बोंब मारल्यावर पाच केली. मी सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं, दुकानदाराशी संपर्क साधा. दुकानदार म्हणाला, सील तोडलेला माल परत घेत नाही. मी पुन्हा लिहिलं, बिल जोडून. तेव्हा कुठे एका माणसाने नीट वाचलं आणि सांगितलं, मॅन्युअलवर कीच्या खाली तिकीट नंबर पेनने लिहा आणि फोटो पाठवा. स्टिकर चकचकीत, फ्लॅशने नुसता पांढरा डाग यायचा. शेवटी गॅलरीत उन्हात बाबांच्या कॅमेऱ्याने काढला. त्यातही बी आणि आठ सारखेच दिसत होते, म्हणून की मेलमध्ये अक्षर-अक्षर फोडून लिहिली. कॉम्प्युटरची मोजणी शून्यावर आली, गेम सुरू झाला. त्या माणसाचं मला आजही कौतुक आहे.

काही वर्षांनी कंपनीने अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हरच बंद केला. शेवटचा एक पॅच काढून ती अट काढून टाकता आली असती. नाही काढली. त्या दिवाळीत दादाने सगळ्यांसमोर विचारलं, "काय म्हणतोय तुझा ओरिजिनल?"

दादाचं एवढंच खरं की आपण लायसन्स घेतो, गेम नाही. पण म्हणून चोरी बरोबर ठरत नाही, कंपनीची लबाडी तेवढी उघडी पडते. यूबीसॉफ्ट कंपनीच्या द क्रू या गेमचं उदाहरण घ्या. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा, त्यामुळे सगळंच संपलं, वर विकत घेतलेल्यांची लायसन्सही काढून घेतली. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स मोहीम उभी केली. युरोपातल्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी साधी आहे: सर्व्हर जन्मभर चालवू नका, पण जाताना गेम खेळता येईल असा सोडून जा. हे जमतं. सिमसिटी २०१३ मध्ये सक्तीने ऑनलाइन आला आणि पुढच्याच वर्षी त्याच ईएने ऑफलाइन मोड दिला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, हे फक्त लायसन्स आहे असं स्पष्ट सांगितल्याशिवाय ऑनलाइन दुकानाला 'विकत घ्या' असं बटण ठेवता येत नाही.

आणि दादा, हे वाचत असशील तर दुसरी बाजूही ऐक. पुढे मी दोघाजणांच्या एका छोट्या स्टुडिओकडून थेट गेम घेतला. रजिस्ट्रेशनचा मेल हरवला म्हणून लिहिलं, तर त्याच रात्री कोड लिहिणाऱ्यानेच नवी लिंक पाठवली, आणि माझी सेव्ह फाइल का उघडत नाही तेही विचारून घेतलं. तुझ्या टपरीवरच्या डिस्कमधून या माणसाला एक पैसाही जात नाही. तू वर्षानुवर्षं कंपन्यांच्या नावाने बोटं मोडलीस आणि बुडवलंस यांना.

तर तुम्ही बिल, कीचा फोटो आणि स्क्रीनवरचा एरर जसाच्या तसा पाठवा. पहिलं उत्तर छापील येईल, त्यावर तिकीट बंद करू देऊ नका. काही जुन्या डब्यांवरच्या की स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर चालतात, करून बघा. पुढचे गेम शक्यतो जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावरून घ्या, इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो. अलीकडे ऑनलाइन घेतलेलं असेल तर भारताच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. नाही दिलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा. जुन्या डीव्हीडीला मात्र याचा फारसा उपयोग नाही.

एक राहिलं. डिस्कवर सेफडिस्क हे जुनं कॉपी-संरक्षण असेल तर विंडोज १० पासून ते चालतच नाही, मग दोष कीचा नाही. आणि सर्व्हर कायमचा बंद असेल, डबा तुमच्या हातात असेल, तर क्रॅकला मी चोरी म्हणणार नाही. कायदा म्हणू शकतो, आणि फाइलसोबत व्हायरस येतो तो वेगळाच. पण ते शेवटी. ज्या मेल आयडीवर रजिस्टर केलं होतं तो अजून उघडतो का हे आधी बघा, सपोर्टवाले पहिलं तेच विचारतात.