तिच्यासमोर त्याचं नाव काढू का?

(नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत महेश आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, एकच विचारायचंय. तिच्यासमोर त्याचं नाव काढू का?"

'तो' म्हणजे अविनाश, शाळेपासूनचा जिवलग. ४२व्या वर्षी, हार्ट अटॅकने, एका सकाळीच गेला. 'ती' त्याची आठ वर्षांची ईरा. महिनाभर तिच्यासमोर सगळे गप्प, फोटोही कपाटात. रविवारी तिने विचारलं, "काका, बाबा लहानपणी कसा होता?" महेश तिला वडापाव खायला घेऊन गेला.

हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. मुलं पाच मिनिटं हमसून रडतात आणि लगेच खेळायला पळतात. विसरलेली नसतात, एका वेळी तेवढंच पेलवतं. गेलेलं माणूस परत येत नाही, हे पाच ते सात वर्षांच्या सुमारास कळू लागतं, म्हणजे आठ वर्षांच्या ईराला ते ठाऊकच होतं. पण घर असं मुकं झालं की बाबाचं नाव काढणंच चूक, असं मुलं धरून चालतात. कधी कधी तर 'माझ्यामुळेच झालं' इथवर जातात.

"रडेल ना पण ती?"

"रडेल. तू जवळ बस. आधी मला सांग, कसा होता तो?"

महेशचा बांध तिथे फुटला. वॉचमनच्या मुलाची कॉलेजची फी अविनाश भरायचा, हे बायकोलासुद्धा तेराव्याला कळलं. उसने दिलेले पैसे त्याने कधी मागितले नाहीत. आणि ईराच्या वेण्या! बायकोची सकाळची शिफ्ट, म्हणून हा घालायला शिकला. रोज पाठमोरा फोटो महेशला पाठवायचा: "बघ, आज सरळ आलीय." महेशने मोबाइल पुढे केला. एकही सरळ नव्हती.

"हे दाखवू तिला?"

"तिच्या आईला विचार, मग दाखव."

झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहिली तर मात्र थांबू नका, समुपदेशकाला भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही मोफत आहे. हेही मी त्याला सांगितलं, आणि स्वतःकडे बघायलाही.

पुढच्या खेपेला महेश म्हणाला, तिसऱ्या फोटोला ईरा रडली, तोही रडला. मग तिने मोबाइल ओढून घेतला आणि एकेक फोटो मोठा करून दाखवू लागली, बाबाची वेणी कुठे वाकडी झाली होती ते.